पन्नी नको, डबा आणला

पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, न वापरता विनापॅकिंग माल विकणारं दुकान पाहायला आमच्याकडे शहरात जावं लागत नाही. गावातलं रेशनचं दुकान तेच करतं. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. पोतं फोडायचं, काट्यावर मोजायचं, घरच्या थैलीत ओतायचं. गिरणीवर डबा घरचाच जातो, तेलाच्या घाणीवर कॅन घरची. अडतं ते किराण्याच्या दुकानात आणि आठवडी बाजारात, आणि त्याहून जास्त घरी आल्यावर. पाकिटातला माल कंपनीने टिकवलेला असतो, सुटा माल आपल्याला टिकवावा लागतो. आम्ही चार-पाच घरं मिळून वर्षाचा माल असा भरतो. थैलीवर सगळेच बोलतात, कोठीवर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून इथे कोठीवर जास्त लिहितो.

तरी आधी थैल्या. मांजरपाट सगळ्यात बरा. शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि शिवण आखडते. २५ बाय ३५ सेंटिमीटरच्या थैलीत दोन किलो डाळ बसते, वर गाठ मारायला जागा उरते. शिवण दुहेरी हवी, कच्ची कड आत दाबलेली. कड मोकळी राहिली की दोरे सुटून डाळीत येतात. जुन्या सुती लुगड्याच्या थैल्या शेंगदाणे, वाटाणा, हळकुंडं यांना चालतात. रवा, बेसन, साखर त्यातून गळते, त्यांना घट्ट विणीचंच कापड पाहिजे. पोहे-मुरमुऱ्याला उशीच्या खोळीएवढी मोठी थैली करायची. तोंडाला ओवलेली नाडी दुकानदाराला माल ओतताना आडवी येते. एक हातभर पट्टी बाहेरून शिवून ठेवली की तो स्वतःच बांधून देतो.

अशी थैली रिकामी ३० ग्रॅमच्या आसपास भरते. डाळ १५० रुपये किलो धरली तर थैली मालासोबत मोजली की साडेचार रुपये गेले. पाच लिटरचा स्टीलचा डबा झाकणासकट ७०० ग्रॅम असेल, तर तिथे शंभराच्या वर फटका. इलेक्ट्रॉनिक काट्यावर उपाय सोपा आहे. रिकामा डबा झाकणासकट काट्यावर ठेवायचा, टेअरचं बटण दाबायचं, आकडा शून्य झाला की मग भरायला सांगायचं. घाईत दुकानदार झाकण बाजूला ठेवून शून्य करतो आणि शेवटी झाकण लावून वजन वाचतो. नजर तिथे हवी. गर्दीत हे सगळं जमत नसेल तर डब्याच्या बुडावर रिकामं वजन लिहिलेलं असावं. मार्करने लिहिलेलं दोन धुण्यांत जातं. भांड्याच्या दुकानात ज्या मशीनने ताटावर नाव टाकून देतात, त्याच मशीनने वजनही टाकून घ्यायचं. ते कायमचं काम झालं.

जिथे अजून तराजू आहे तिथे टेअरचा प्रश्नच नाही. माल पारड्यात मोजायचा आणि पारडं थैलीत उलटं करायचं. फक्त माल टाकण्याआधी रिकामी पारडी बरोबर उभी राहतात का, पासंग नाही ना, एवढं पाहून घ्यावं. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर त्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मोहोर असते आणि त्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. धान्याच्या सौद्यात अजून पायली-कुडो चालतात, पण पायली गावागणिक बदलते. भाव लावताना किलोवरच यायचं, कायद्यालाही तेच माप मंजूर आहे.

दुकानदार सहसा थैलीला नाही म्हणत नाही, तो वेळेला नाही म्हणतो. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाच माणसं काउंटरवर उभी असताना तुम्ही आठ थैल्या पुढे केल्या की उत्तर ठरलेलं: "पन्नीत देतो न, काऊन ताप घेता?" त्याचंही खरं आहे. दुपारच्या रिकामपणात त्याने अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पन्न्या बांधून ठेवलेल्या असतात, ते काम त्याला पुन्हा करायचं नसतं. म्हणून यादी आणि थैल्या आदल्या दिवशीच टाकून याव्यात. "काकाजी, थैल्या ठेवून जातो, सवडीनं भरून ठेवजा, उद्या नेतो." प्रत्येक थैलीत चिठ्ठी: माल कोणता, किती. उधारीचं खातं असेल तर आणखी सोपं, कारण गिऱ्हाईक कायमचं आहे हे त्याला माहीत असतं. चार-पाच घरांनी एकत्र यादी दिली तर तो ३० किंवा ५० किलोचा कट्टा आपल्यासमोर फोडतो आणि ठोकाच्या जवळचा भाव लावतो. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. भावाची घासाघीस करताना हे लक्षात असू द्यावं.

सुट्या मालाला लेबल नसतं, तारीख नसते. ती उणीव डोळ्यांनी भरून काढावी लागते. डाळ मुठीत घेऊन चोळायची. हाताला गुळगुळीत तेलकट लागलं तर पॉलिश आहे. मूठ सोडल्यावर तळहातावर पीठ राहिलं तर आत किडा आहे, मग वरून डाळ कितीही चांगली दिसो. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर ओल आहे आणि असा माल कोठीत बुरशी धरतो. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत लाखोळी मिसळलेली असू शकते. तिचा दाणा गोल नसतो, चौकोनी आणि एका बाजूला उतरता असतो. रोज आणि जास्त प्रमाणात खाल्ली तर पाय अधू होतात, म्हणून मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरून पाहायचा कंटाळा करू नये. तांदळाचं तर नावच फसवं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून एचएमटी वाण काढला. आता कोणताही बारीक तांदूळ त्या नावाने खपतो. नाव विचारण्यापेक्षा मूठभर घरी नेऊन शिजवून पाहावा आणि मग पन्नास किलोचा सौदा करावा.

काही माल सुटा घ्यायचाच नाही. दळलेला मसाला सुटा विकायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत मनाई आहे आणि ती योग्यच आहे. तिखटात काय मिसळलं ते दळल्यावर कोण ओळखणार? अख्खी मिरची घ्या, हळकुंडं घ्या, कांडपावर नेऊन समोर दळून आणा. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही आपल्याच विदर्भात सुट्या मिळतात. मिरची देठासकट घ्यायची, देठ खुडून, कडक उन्हात वाळवून मग दळायची. मीठ पाकिटातलंच घ्यावं, कारण आयोडीन लागतं. खडे मीठ लोणच्याला किंवा जनावराला.

खाद्यतेलाचंही तेच. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, अंगाला सूज येऊन माणसं दगावली, आणि त्यानंतर तेल पाकीटबंदच विकण्याचा नियम आला. राज्य सरकारने खास सूट दिली असेल तरच अपवाद. म्हणजे दुकानातल्या पिंपातून कॅनमध्ये तेल घेणं, कितीही 'शून्य कचरा' वाटलं तरी, शहाणपणाचं नाही. रस्ता घाणीचा आहे: तेलबी आपली, घाणीवाला पिळण्याची मजुरी घेतो. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत घाणीच्या सुधारणेवर बरंच काम केलं, 'वर्धा घाणी' हे नाव तिथूनच आलं. आता बहुतेक घाण्या मोटारीवर चालतात, पद्धत तीच.

घाणीवर जाण्याआधी विचारून घ्यायचं की एका घाण्याला किती माल लागतो. साधारण दहा ते पंधरा किलो लागतो. त्याहून कमी टाकला तर बी पकडीत येत नाही आणि तेल ढेपेतच राहतं. एकट्या घराला दहा किलो जवस एका वेळी जास्त होतं, म्हणून दोन घरांनी मिळून पिळावं. शेंगदाणे दहा किलो नेले तर चार किलोच्या आसपास तेल येतं, जवसाचं तीनच्या आसपास. बी जुनी किंवा ओली असेल तर कमी. बी घरून पाखडून, खडा-माती काढूनच न्यायची. ढेप सोडून येऊ नये, गाय-म्हैस नसेल तर शेजारी विकत घेतात आणि मजुरीचा बराच भाग तिथेच निघतो.

ताजं तेल गढूळ असतं. ते तसंच कॅनमध्ये भरून झाकण लावलं की तळाचा गाळ कुजतो आणि महिन्याभरात वास मारतो. दोन-चार दिवस रुंद तोंडाच्या स्टीलच्या गंजात (पातेल्यात) फडकं बांधून ठेवायचं, हलवायचं नाही, मग वरचं निवळ तेल हळूच काढून घ्यायचं. तळाचं शेवटचं पावभर वेगळं ठेवून आधी वापरून टाकायचं. कॅन धुतल्यावर किमान एक पूर्ण दिवस उलटी करून उन्हात वाळवायची. आत पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेल लवकर खवट होतं. जवसाचं तेल हवेत आणि उजेडात सगळ्यात आधी बिघडतं. ते महिन्या-दीड महिन्याला पुरेल एवढंच पिळायचं आणि काठोकाठ भरलेल्या, उजेड न जाणाऱ्या लहान डब्यांत ठेवायचं. आणखी एक हिशेब: तेल लिटरला सुमारे ९१० ग्रॅम भरतं. घाणीवर किलोत मोजतात, पाऊच लिटरचा असतो. भाव ताडून पाहताना किलो म्हणजे १.१ लिटर धरा.

कॅनबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. फवारणीच्या औषधाची रिकामी कॅन, कितीही मजबूत आणि कितीही धुतलेली असो, तेलाला, पाण्याला, धान्याला वापरायची नाही. प्लास्टिकमध्ये औषध मुरतं, ते धुण्याने निघत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तरी अशा कॅन अजून कुठे कुठे न्हाणीत दिसतात. जुनं वापरात आणण्याच्या हौसेलाही एक हद्द असते.

आता कोठी. पाच माणसांच्या घराला वर्षाला दोन क्विंटल गहू, दीड क्विंटल तांदूळ, पन्नास-साठ किलो तुरीची डाळ, ज्वारी खाण्याप्रमाणे. तूर, हरभरा, जवस उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात येतात, गहू मार्च-एप्रिलला. भरणं मे महिन्यात उरकायचं, कारण तेव्हाचं ऊन फुकटची भट्टी आहे आणि जूनमध्ये आभाळ भरून आलं की ती संधी गेली.

गहू, ज्वारी, डाळ कापडावर दोन-तीन दिवस पातळ पसरून वाळवायची, मधून हात फिरवायचा. संध्याकाळी गोळा करून लगेच कोठीत भरायची नाही. इथेच बहुतेकांचा माल बिघडतो. गरम धान्य बंद केलं की रात्री पत्रा गार होतो, आतल्या हवेतली वाफ झाकणाला आणि भिंतीला पाण्याच्या थेंबांनी धरते, वरचा थर ओला होतो आणि पंधरा दिवसांत जाळं दिसतं. रात्रभर घरात, फडक्याखाली पसरून निवू द्यायचं आणि सकाळी ऊन चढण्याआधी भरायचं. तांदूळ उन्हात टाकायचाच नाही. दाण्याला तडे जातात आणि शिजताना त्याचा चुरा होतो. त्याला सावलीतला वारा पुरे.

कोठी आधी रिकामी करून, झाडून, सांधे फडक्याने पुसून, तोंड उघडं ठेवून दिवसभर तापवायची. मागच्या वर्षीचा मूठभर तळ राहिला तरी किडीला तेवढं बियाणं पुरतं. पोती वापरत असाल तर तागाची, उलटी करून झटकून उन्हात टाकलेली. कोठी जमिनीवर नको, विटांवर किंवा पाटावर. भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल येत नाही आणि मागून उंदराने काय केलं ते दिसतं. कोठी काठोकाठ भरायची. अर्धी रिकामी कोठी म्हणजे किडीला अर्धी कोठी हवा. म्हणून एक मोठी असण्यापेक्षा दोन मध्यम बऱ्या, एक उघडलेली असताना दुसरी बंद राहते.

कडुनिंबाचा पाला टाकायचा तो सावलीत कुरकुरीत वाळवून. हिरवा पाला टाकणारे स्वतःच ओल आत सोडतात. बिब्बेही टाकतात, पण फडक्यात बांधून आणि फक्त मोठ्या कोठीत. रोज हात जातो त्या डब्यात नको, बिब्बा उततो. सल्फासच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीतल्या झोपलेल्या माणसाला मारतो, आणि हे दर वर्षी कुठे ना कुठे घडतं.

तुरीत भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच, शेंगेवरूनच येतात. कोठीत नीट ठेवूनही अख्ख्या तुरीला भोकं पडतात ती त्यामुळे. डाळ केली की हा धोका बराच कमी होतो, कारण भुंगेऱ्याला अख्खा दाणा लागतो. म्हणून तूर घ्या, पण पावसाळ्याआधी भरडून ठेवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आता तालुक्यांत, बऱ्याच गावांत आहे. तिथे आधी दाण्याला ओरखडे पाडतात, मग तेल-पाणी लावून रात्रभर मुरवतात, वाळवतात आणि मग फोडतात. घाई करून मुरवण कमी केलं की साल निघत नाही आणि डाळीऐवजी चुरी जास्त पडते. चांगली तूर असली तर क्विंटलमागे ७० ते ७५ किलो डाळ धरावी. बाकी चुनी आणि फोल जनावराला. ही डाळ दिसायला बाजारच्या डाळीएवढी चकचकीत नसते. नसू द्या.

गिरणीचं थोडक्यात. ज्वारी नेली आणि आधीच्याने बाजरी दळली असेल तर पहिलं मूठभर पीठ वेगळं पडू द्यावं. दगड तापलेले असतात, पीठ गरम येतं. घरी आल्यावर डब्याचं झाकण तासभर उघडं ठेवून पीठ हलवून घ्यायचं, नाहीतर घाम धरून गोळे होतात. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळण, पावसाळ्यात त्याहून कमी.

भाजीला फार काही लागत नाही. एक मोठी थैली, आत दोन लहान. बटाटे-कांदे तळाशी, पालेभाजी ओल्या फडक्यात वर. मटण-मासळीला पक्क्या झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. पूर्वी पळसाच्या पानात मिळायचं, आता काळी पन्नी. डबा घरी आल्यावर आधी गार पाण्याने धुवायचा. गरम पाण्याने रक्त चिकटून बसतं आणि वास राहतो. भजी-समोसे रद्दीत घेऊ नका, छापील कागदात खाद्यपदार्थ गुंडाळायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे. तिथेही डबाच.

डबे-भांडी घासायला पराट्या-तुराट्यांची (कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांची) चुलीतली राख उत्तम, पण ती चूल पन्न्या पेटवायला वापरलेली नसावी, आणि ॲल्युमिनियमच्या गंजाला राख लावू नये, खार धातूला खातो.

एवढं करूनही घरात प्लास्टिक येतंच, आणि ते मोठ्या पाकिटांतून कमी, चिल्लर पुड्यांतून जास्त येतं: शाम्पूची रुपया-दोन रुपयाची पुडी, बिस्किटं, पोरांचे कुरकुरे, पानठेल्यावरचा खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. रोजाने कमावणारा रोजचंच घेणार, त्याला वर्षाची भरती कुठून परवडायची? त्यामुळे त्याला उपदेश करण्यात अर्थ नाही. बचत गटाने शाम्पू-साबण मोठ्या कॅनमध्ये आणून घरच्या बाटलीत मापून दिला तर हा चिल्लर कचरा थोडा तरी कमी होतो. खर्र्याच्या पन्नीला मात्र आम्हाला अजून तोड सापडलेली नाही. राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, पण पानठेल्यावर पन्नीच्या चौकोनी तुकड्यात खर्रा घोटणं एक दिवसही थांबलं नाही. तो तुकडा नालीत जातो, नाहीतर उकिरड्यावर. उकिरड्यातून शेणखतात, शेणखतातून शेतात. वखराला पन्नी गुंडाळलेली पाहिली नाही असा शेतकरी आता सापडायचा नाही. कापसातही हेच. वेचणी प्लास्टिकच्या कट्ट्यात केली की त्याचे धागे कापसासोबत जिनिंगला जातात आणि सुतात उतरतात. वेचणीची ओटी (कमरेची झोळी) कापडाची असली तर हा त्रासच नाही.

जे पाकीट टाळता येत नाही त्याचं तोंड कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. दुधाच्या पिशवीचा तो तुकडाच नंतर कुठे सापडत नाही. पिशव्या धुऊन वाळवून एका कट्ट्यात ठेवल्या तर भंगारवाला किलोवर नेतो. ओल्या-चिकट नेत नाही. आतून चांदीसारख्या चमकणाऱ्या वेफर्स-बिस्किटांच्या वेष्टनाला तो हात लावत नाही, ते अनेक थर चिकटवून केलेलं असतं आणि वितळवून काही बनत नाही. दुकानात कोणतं बिस्किट घ्यायचं असा प्रश्न पडला तर कागदी वेष्टनाचं, आणि तेही नसेल तर बेकरीतून किलोवर, डब्यात.